रिपेअर, रिस्टार्ट, पुन्हा रिपेअर: सुरूच न होणाऱ्या विंडोजचं काय करायचं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय ना हे कळेल.

बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह येतं, खाली ठिपक्यांचं वर्तुळ फिरतं आणि 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' अशी ओळ उमटते. मग 'डायग्नोझिंग युअर पीसी'. मग बराच वेळ नुसती काळी स्क्रीन. शेवटी निळ्या पडद्यावर 'ऑटोमॅटिक रिपेअर कुडन्ट रिपेअर युअर पीसी' आणि खाली दोन बटणं: 'शट डाउन' आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. रिस्टार्ट केलं की पहिल्यापासून सगळं तेच.

काही यंत्रांवर तो निळा पडदा येतच नाही, पहिल्याच ओळीवरून मशीन बंद होऊन परत चालू होतं. काहींवर 'अटेम्प्टिंग रिपेअर्स' तासभर हलत नाही. काहींवर मध्येच 'अनडूइंग चेंजेस' दिसतं. म्हणजे एखादा अपडेट अर्धवट राहिलाय हे जवळपास नक्की. पण पडद्यावर काहीच येत नसेल आणि नुसते बीप वाजत असतील, तर हे ते दुखणं नव्हे. खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

हा फेरा पडतो कसा

विंडोज लागोपाठ दोनदा सुरू व्हायला चुकलं की पुढच्या वेळी ते स्वतःहून दुरुस्तीच्या वाटेला जातं. ही दुरुस्ती करणारी यंत्रणा म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागात ठेवलेलं एक छोटंसं स्वतंत्र विंडोज असतं. ते उघडतंय याचा अर्थ प्रोसेसर, पडदा आणि बरीचशी मेमरी ठीक आहे, आणि डिस्कही निदान थोडी तरी वाचली जातेय. हा दिलासा लहान नाही.

अडचण अशी, की या दुरुस्तीकडे तपासायच्या गोष्टींची एक ठरलेली यादी असते: बूटच्या, म्हणजे विंडोज सुरू करून देणाऱ्या फाइली, डिस्कची रचना, आणखी थोडं काही. खरं कारण त्या यादीत नसेल तर ती हात टेकते, मशीन पुन्हा चालू होतं, पुन्हा चुकतं, पुन्हा दुरुस्ती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून तीच दुरुस्ती दहा वेळा चालवण्यात अर्थ नाही. तिला बाजूला करून मूळ एरर कसा दिसेल, इकडे सगळं लक्ष द्यायचं.

आणखी एक: विंडोज उघडल्यावर दोन मिनिटांच्या आत मशीन लागोपाठ दोनदा अचानक बंद पडलं तरी ते 'चुकलं' असंच धरलं जातं. माझ्याकडे एक लॅपटॉप आला होता, त्याची बॅटरी मेलेली आणि चार्जरची पिन ढिली. टेबलाला धक्का लागला की वीज जायची. विंडोजमध्ये काडीचा बिघाड नव्हता आणि मालक मात्र ते दुसऱ्यांदा नव्याने टाकायच्या तयारीत होते.

काहीही न उघडता, काहीही टाइप न करता

पहिलं म्हणजे एकदा, फक्त एकदा, थांबून बघा. चार्जर लावा आणि दोन तास हात लावू नका. जुन्या हार्डडिस्कवर अर्धवट अपडेट मागे घ्यायला तेवढा वेळ सहज लागतो. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे. मी पाहिलेल्या केसेसपैकी बऱ्याच जणांनी चाळीसाव्या मिनिटाला बटण दाबून धरलं होतं आणि साधी गोष्ट अवघड करून ठेवली होती.

दोन तासांनी काही झालं नाही तर मशीनला जोडलेलं सगळं काढा. पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, प्रिंटर, खाचेत विसरलेलं मेमरी कार्ड, माउससुद्धा. कारण साधं आहे: सुरू होताना मशीन या प्रत्येकाची चौकशी करतं. एखादं उपकरण उत्तरच देत नसेल, किंवा पेनड्राइव्हवरूनच बूट व्हायचा प्रयत्न होत असेल, तर गाडी तिथेच अडते. मग चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, सोडा, चार्जर लावा, चालू करा. याला पैसे लागत नाहीत आणि अधूनमधून एवढ्यावरच काम होतं.

बायोसमध्ये फक्त बघायचं

बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा, मदरबोर्डचा स्वतःचा सेटिंग्जचा पडदा. मशीन चालू करताच एफ२, डिलीट, एफ१० किंवा एस्केप यांपैकी जे तुमच्या यंत्राला चालत असेल ते दाबत राहा. आत गेलात की तीन गोष्टी बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. बदलू काहीही नका.

डिस्कचं नाव दिसतंय का? दिसत नसेल तर विंडोजच्या कुठल्याही उपायाचा उपयोग नाही. डेस्कटॉप असेल तर बंद करून, प्लग काढून, डिस्कच्या दोन्ही केबल पुन्हा घट्ट बसवा. लॅपटॉप असेल तर शेवटच्या भागाकडे जा. एकदा दिसतं आणि पुढच्या वेळी दिसत नाही, असं होत असेल तर तेही शेवटच्याच भागातलं.

तारीख बरोबर आहे का? काही वर्षं मागची असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ असतो, तीन व्होल्टचा.

आणि डिस्कचा मोड, म्हणजे मशीन डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतं, तो काय लिहिलाय, एएचसीआय की रेड? सेल संपला की काही मदरबोर्ड सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर नेतात आणि हा मोडही बदलतो. विंडोज ज्या मोडमध्ये बसवलं होतं तो बदलला की त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा एरर क्षणभर चमकतो आणि दुरुस्तीचा फेरा चालू. हे मला एका डेस्कटॉपने शिकवलं. मी अख्खी दुपार घालवून त्यावर विंडोज नव्याने टाकलं, महिन्याभरात तेच मशीन त्याच पडद्यासकट परत आलं. तेव्हा कुठे माझं लक्ष तारखेकडे गेलं. सेल बदलला आणि मोड पूर्वीचा केला. त्यानंतर ते आलेलं नाही. मोड पूर्वी कुठला होता हे माहीत नसेल तर दुसरा निवडून एकदा सुरू करून बघता येतं, नाही चाललं तर परत पहिल्यावर आणायचं. पण त्याआधी पुढचा परिच्छेद वाचा.

अठ्ठेचाळीस आकडे

तुमची डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच डेटा सांकेतिक करणाऱ्या सोयीने, कुलूपबंद असू शकते, आणि ते तुम्हाला माहीत नसू शकतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागतं. बायोसमधली सेटिंग बदलली किंवा दुरुस्तीच्या यंत्रणेत कमांड प्रॉम्प्ट (टाइप करून हुकूम द्यायची काळी खिडकी) उघडला की ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती दुसऱ्या फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, डिव्हाइसेसच्या यादीत मिळते. पडद्यावर दिसणाऱ्या की आयडीची सुरुवातीची अक्षरं खात्यातल्या नोंदीशी जुळवून बघा. घरात दोन लॅपटॉप असले की लोक हमखास दुसऱ्याची किल्ली टाकत बसतात. ऑफिसचं मशीन असेल तर किल्ली आयटी विभागाकडे असते. ती मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. किल्लीशिवाय आतलं काही वाचता येत नाही, तुम्हालाही नाही आणि कुठल्याही तंत्रज्ञालाही नाही.

सेफ मोड, आणि मूळ एरर

निळ्या पडद्यावर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' घ्या, मग 'ट्रबलशूट', पुन्हा 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', 'रिस्टार्ट'. आकड्यांची यादी येईल. आधी ९ दाबा: चुकल्यावर आपोआप रिस्टार्ट होणं त्याने बंद होतं. मग एररचा जो दुसरा निळा पडदा आधी डोळ्यांसमोरून सटकत होता तो तिथेच थांबतो आणि त्यावरचा एरर नीट वाचता येतो. फोटो काढा. पुढे कुणालाही विचारायचं झालं तर 'चालू होत नाही' यापेक्षा तो फोटो शंभरपट उपयोगी.

मग पुन्हा त्याच यादीत येऊन ४ दाबा, म्हणजे सेफ मोड. यात विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांवर, उघडतं. उघडलं, तर विंडोजचा गाभा शाबूत आहे आणि वरून बसवलेलं काहीतरी नडतंय. तिथे गेल्यावर पहिलं काम, जे महत्त्वाचं आहे ते पेनड्राइव्हवर घेणं. दुसरं, अलीकडे टाकलेलं काढणं: डिस्प्लेचा ड्रायव्हर, अँटिव्हायरस, एखादा गेम. तिसरं, सी ड्राइव्हवर जागा किती उरलीय ते बघणं. जागाच नसेल तर अपडेट मध्येच अडकतो आणि पुढचं सगळं तुम्ही भोगताय. अनेकदा सेफ मोडमध्ये एकदा जाऊन आल्यावर पुढच्या वेळी विंडोज सरळ उघडतं. का, ते विचारू नका. उघडलं की आधी बॅकअप घ्या.

एका ड्रायव्हरने केवढा घोळ होतो याचं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने त्या दिवशी जगभरातली विंडोजची यंत्रं कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. त्यांतली कितीतरी याच फेऱ्यात अडकली. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हरच्या फोल्डरमधली एक फाइल उडवणं. बूटच्या फाइली दुरुस्त करत बसणाऱ्याला ते मशीन कधीच उघडलं नसतं.

सेफ मोड उघडत नसेल तर त्याच मेन्यूत 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. त्यात आधी क्वालिटी अपडेट (नेहमीचा छोटा) काढून बघा, मग फीचर अपडेट (नव्या आवृत्तीचा मोठा). हा दुसरा साधारणपणे पहिल्या दहा दिवसांतच मागे घेता येतो. त्यानंतर 'सिस्टिम रिस्टोअर', रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजने आधीच्या चांगल्या स्थितीची ठेवलेली नोंद, असेल तर. या दोन्हींनी तुमच्या फाइलींना हात लागत नाही, म्हणून ते कमांडच्या आधी.

काळी खिडकी

इथून पुढे 'कमांड प्रॉम्प्ट'. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायचं. मी फोनवर सांगतो तसं, उच्चाराप्रमाणे लिहितोय.

उघडल्यावर ओळीच्या सुरुवातीला एक्स दिसेल. ते दुरुस्तीचं छोटं विंडोज, तुमचं नव्हे. तुमचं बहुधा सी वर असतं, पण इथे अक्षरं बदलू शकतात. 'डीआयआर', जागा, 'सी', कोलन असं टाकून एंटर मारा. 'विंडोज' आणि 'यूझर्स' ही फोल्डरं दिसली की तेच तुमचं घर. नाही दिसली तर डी, ई करून बघा आणि खाली मी जिथे सी म्हणतोय तिथे ते अक्षर वापरा.

आता 'नोटपॅड' टाइप करा. हो, इथेही नोटपॅड उघडतं. 'फाइल', मग 'ओपन', खाली 'ऑल फाइल्स' निवडा. ही ओपनची चौकट म्हणजे तुमचं गरिबाचं फाइल एक्स्प्लोरर. यूझर्समधून आपलं फोल्डर शोधा, राइट क्लिक करून कॉपी, पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. किती झालं ते दाखवणारी पट्टी येत नाही, खिडकी गोठल्यासारखी दिसते, आणि माणूस घाबरून बंद करतो. बंद करू नका. एकेक फोल्डर घ्या, पेनड्राइव्हचा दिवा बघत बसा. भाचीचा प्रबंध मी असाच काढला होता, पंचवीस मिनिटं त्या गोठलेल्या खिडकीसमोर दोघं गप्प बसून.

त्याच चौकटीतून विंडोज, सिस्टिम३२, लॉगफाइल्स, एसआरटी असं आत जा. तिथे 'एसआरटीट्रेल' नावाची फाइल आहे, म्हणजे दुरुस्तीने स्वतः लिहिलेली डायरी. बहुतेक ओळींत 'कम्प्लीटेड सक्सेसफुली' असतं, ते सोडून द्या. शेवटाकडे 'रूट कॉज फाउंड' शोधा. 'बूट क्रिटिकल फाइल' करप्ट आहे असं लिहून पुढे एखाद्या फाइलचं नाव असेल, आणि ते अँटिव्हायरस किंवा गेमच्या ड्रायव्हरचं असेल, तर त्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर ठेवून मूळ फाइलचं नाव बदला आणि रिस्टार्ट करा. बिघडलं तर नाव परत पूर्वीचं करता येतं. नाव मायक्रोसॉफ्टच्या फाइलचं असेल तर तिला हात लावू नका, त्यासाठी खालच्या कमांड आहेत.

त्यांचा क्रम मी असा ठेवतो. आधी 'सीएचकेडीएसके सी:', पुढे काहीही न जोडता. ही नुसतं बघते, बदलत काही नाही. शेवटी 'बॅड सेक्टर्स'समोर (डिस्कचे खराब झालेले तुकडे) शून्य असेल आणि इतर चुका दाखवल्या असतील, तरच पुन्हा '/एफ' जोडून चालवा. '/आर' सगळीकडे सुचवलेलं दिसेल. ते डिस्कचा कण न् कण वाचतं, तासन्‌तास घेतं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढ्यात संपवू शकतं. फाइली बाहेर काढल्याशिवाय ते नको.

अपडेटनंतर सुरू झालेला त्रास असेल तर 'डीआयएसएम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स'. अर्धवट टांगलेले अपडेट यातून मागे घेतले जातात. या फेऱ्यावर मला सगळ्यात जास्त यश याच एका ओळीने दिलंय. मग 'एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडीआयआर=सी:\ /ऑफविनडीआयआर=सी:\विंडोज'. पुढचे दोन तुकडे विसरलात तर ती एक्सवरचं विंडोज तपासायला जाईल, तुमचं नाही.

हेही गेलं तर बूटच्या फाइली नव्याने लिहायच्या. बरेच जण इथे 'बूटरेक /फिक्सबूट' टाकतात, 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' येतं आणि ते तिथेच अडतात. त्यात वेळ घालवू नका. 'डिस्कपार्ट' उघडा, 'लिस्ट व्हॉल्यूम' टाका, साधारण १०० ते ३०० एमबीचा फॅट३२ भाग शोधा. 'सिलेक्ट व्हॉल्यूम' आणि त्याचा आकडा, 'असाइन लेटर=झेड', 'एक्झिट'. मग 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस झेड: /एफ यूईएफआय'. असा फॅट३२ भागच नसेल तर मशीन जुन्या पद्धतीचं आहे, ही ओळ त्याच्यासाठी नाही. डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' हा शब्द चुकूनही टाइप करू नका. तो विचारत नाही, सगळी डिस्क रिकामी दाखवतो.

एक जुना सल्ला अजून फिरतोय: रेगबॅक फोल्डरमधली रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जची वही, कॉपी करा म्हणून. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ आवृत्तीपासून तिथे आपोआप बॅकअप ठेवलाच जात नाही. त्या फाइली शून्य आकाराच्या असतात. त्या चांगल्या रजिस्ट्रीवर कॉपी केल्या की होतं नव्हतं तेही गेलं.

रिसेट

'रिसेट धिस पीसी'मधलं 'कीप माय फाइल्स' तुमच्या फाइली ठेवतं, पण बसवलेले प्रोग्रॅम सगळे काढतं. आणि ते बॅकअप नव्हे. डिस्क खराब असेल तर रिसेट अर्ध्यात मरतं आणि मग धड जुनं नाही, धड नवं नाही. म्हणून आधी कॉपी, मग रिसेट. त्यानेही जमलं नाही तर दुसऱ्या मशीनवर किमान आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवून विंडोज नव्याने टाकायचं.

नव्याने टाकतानाही दर वेळी वेगळ्याच टक्क्याला अडकत असेल तर दोष विंडोजचा नाही, रॅमचा किंवा डिस्कचा. डेस्कटॉपवर रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एक काढून एकीवर चालवून बघा, मग अदलाबदल.

कुठे थांबायचं

डिस्कमधून टकटक किंवा खरखर ऐकू येत असेल तर आत्ताच बंद करा, पुन्हा एकदा बघू म्हणून चालू करू नका. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी नवी डिस्क, आवाज करत नाही. ती बायोसमध्ये कधी दिसते कधी नाही, किंवा कॉपी करताना दर वेळी त्याच फाइलवर थिजते, हीच तिची टकटक. सीएचकेडीएसकेने बॅड सेक्टर्स मोजून दाखवले, मशीनवर काही सांडलं होतं, बिटलॉकरची किल्ली नाही, किंवा वॉरंटी चालू आहे आणि आतलं उघडायची वेळ आलीय, यांपैकी काहीही असलं तरी तुमचं काम इथे संपलं. ऑफिसचं मशीन असेल तर ते खरं तर बायोसच्या आधीच संपलं होतं.

लॅपटॉप दुरुस्त करणारा आणि डेटा परत काढणारा ही दोन वेगळी माणसं असतात. फोटो, हिशेब, काम असं परत न मिळणारं काही आत असेल तर आधी दुसऱ्याकडे जा. देताना मूळ एररचा फोटो आणि तुम्ही काय काय केलंत त्याची यादी कागदावर लिहून द्या, फसलेले उपायही धरून. आणि काउंटरवर सवयीने 'फॉरमॅट मारू ना?' असं विचारलं जाईल, तेव्हा मान हलवण्याआधी डेटा कुठे कॉपी केलाय ते समोर उघडून दाखवायला सांगा.